मे महिन्यातले रविवार : आधी वेळ ठरवू, मग ठिकाण

ए-१०४ (सेक्रेटरी) : नमस्कार सोसायटीकर मंडळी. मुलांच्या परीक्षा आटोपल्या. गेल्या वर्षीसारखी बस करून वॉटर पार्कला जायचं का? खर्च बराच येतो, पण मुलं खूश असतात. आज रात्रीपर्यंत मतं कळवा.

सी-६०१ : दादा, वॉटर पार्क नको वाटतं. आई-बाबांना तिथे काहीच करता येत नाही, दिवसभर छत्रीखाली बसून राहतात.

डी-२०३ : येऊरला जाऊ ना. संध्याकाळी पाचला निघू, निवांत.

बी-३०२ : सगळ्यांचं वाचलं. माझं जरा लांबतंय, पण वाचा. आपण दरवेळी आधी ठिकाण ठरवतो आणि निघता निघता साडेनऊ वाजवतो. मेमध्ये ठाण्यात साडेनऊ म्हणजे चटके सुरू. महिन्याच्या मध्यावर तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्यात आपली हवा दमट. विदर्भात पारा जास्त चढतो, पण घाम वाळतो तरी. इथे घाम अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही, त्यामुळे पारा ३६ दाखवत असला तरी गाफील राहून चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली. खारघर काही परमुलखात नाही.

म्हणून माझं म्हणणं, यंदा आधी वेळ पक्की करू. सकाळी सहाला गेटवर, साडेआठ-नऊला घरी. दुपारी कुठे जायचंच असेल तर डोक्यावर छप्पर असलेल्या ठिकाणी. हे ठरलं की ठिकाणं आपोआप ठरतात, आणि लांबही जावं लागत नाही.

येऊरला माझा पाठिंबा आहे, पण संध्याकाळी नको. रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि अंधार पडला की तो भाग बिबट्यांचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ही ठाण्याकडची बाजू आहे, हे आपण विसरतो. सकाळी गेलो तर पक्षी ऐकू येतात, बहावा फुललेला दिसतो आणि पाटोणपाडा, जांभूळपाड्याकडच्या बायका करवंदं घेऊन येताना भेटतात. त्यांच्याकडूनच घ्या आणि कृपा करून घासाघीस करू नका. काटेरी जाळीत हात घालून एकेक तोडलेलं असतं ते. मुलांना दाखवा : पिकलेलं करवंद देठाशी दाबलं की पांढरा चीक येतो. तो पुसून मग खायचं, नाहीतर ओठ चिकटतात. टपोरं काळं दिसलं तरी आतून लाल आहे की पांढरं, यावर आम्ही लहानपणी 'कोंबडा की कोंबडी' खेळायचो. आपल्या मुलांना हे कुणी शिकवायचं?

डी-२०३ : ताई, पटलं. सकाळी सहा चालेल. फ्लेमिंगोचंही बघा ना, मुलगी कधीची मागे लागली आहे.

बी-३०२ : ते मात्र लवकर करावं लागेल. पावसाआधी पक्षी निघून जातात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून ठाण्याच्या खाडीत बोट सुटते. पण भरती-ओहोटीचं गणित काकांना विचारा. काका, आहात का?

ए-५०२ : आहे. आमचं चेंदणी कोळीवाड्यातलं गणित सोपं आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमाराला भरती, सातपर्यंत बरंच पाणी उतरलेलं. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तो धरायचा.

पक्षी चिखलात चरतात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, मग ते थवेच्या थवे उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत जाऊन बसतात. अशा वेळी खाडीत गेलात तर काय दिसणार? आणि पूर्ण ओहोटीला बोट रुतते. त्यामुळे पाणी उतरत असताना किंवा चढत असतानाच मजा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी झपाट्याने हलतं. अष्टमीला भांग, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. बोटीची वेळ केंद्रवाले भरती बघूनच देतात, तेव्हा आधी त्यांना फोन करा, मग रविवार ठरवा.

ए-१०४ : काका, हे कॅलेंडरवरची तिथी बघून आत्ताच करून पाहिलं. फारच उपयोगाचं आहे.

ए-५०२ : आणि मुलांना सांगा, ही खाडी नुसती घाण नाही. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आली. आमच्या वडिलांनी इथे निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडल्या आहेत.

सी-४०३ : राणीची बाग? पेंग्विन कक्ष एसी आहे, दुपारी बरं पडेल. भायखळ्याला स्लो लोकल थेट जाते.

ए-१०४ : बुधवारी बंद असते. रविवारी गर्दी आणि वर मेगाब्लॉक. सुट्टीतला एखादा मंगळवार-गुरुवार बघू, ज्यांना जमेल ते जातील.

सी-६०१ : सगळं छान आहे, पण आई-बाबांचं काय? बाबांचे गुडघे येऊरचा चढ चढू देणार नाहीत.

बी-३०२ : वहिनी, त्यांच्यासाठी कचराळी. तलावाभोवती सपाट वाट, बसायला बाकं, झाडांची सावली. येऊरवाले निघतील तेव्हाच दोन रिक्षा तिकडे निघतील. मी स्वतः ज्येष्ठांबरोबर जाईन, येऊर मला नेहमीचंच आहे. परतताना दोन्ही गट क्लबहाउसमध्ये एकत्र नाश्ता करू.

सी-६०१ : ताई, खरंच बरं वाटलं. बाबांना लगेच सांगते.

ए-१०४ : ठरलं तर. येत्या रविवारी येऊर आणि कचराळी, सहाला गेटवर. ऐरोली केंद्राला मी उद्या फोन करतो. नावं द्या.

डी-२०३ : आम्ही दोघं आणि मुलगी, येऊर.

बी-३०२ : प्रत्येकाने पाण्याची बाटली, टोपी आणि अंगभर सुती कपडे. मुलांना उपाशीपोटी आणू नका. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत मी दोन्हीकडे देते. चालताना कुणाला गरगरलं किंवा मळमळलं तर अंगावर काढू नका, तिथेच सावलीत बसा आणि सांगा. कुणी असंबद्ध बोलू लागलं तर अंगावर पाणी मारून थेट दवाखाना. येऊरला प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, करवंदांसाठी डबा आणा.

सी-६०१ : बाबा विचारतायत, कचराळीला शेजारच्या विंगमधल्या त्यांच्या मित्रांना आणलं तर चालेल का? ते ग्रुपवर नाहीत.

बी-३०२ : जरूर आणा. मग तीन रिक्षा सांगते.