मदत हवी आहे: हा पक्षी चंडोल की तिरचिमणी?

खुरट्या गवताच्या उघड्या माळावर वारंवार दिसणाऱ्या एका पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. आकार चिमणीहून किंचित मोठा, पाठ तपकिरी व गडद रेघांची, छाती फिकट आणि तिच्यावर बारीक रेघा, डोळ्यावर फिकट भुवई, असे त्याचे रूप आहे. नर-मादीत फरक जाणवत नाही, त्यामुळे डोंबारी चंडोलाची (ज्याचे नर-मादी वेगळे दिसतात) शक्यता मी सोडून दिली आहे. तो जमिनीवर उड्या न मारता भरभर धावतो, थांबला की ताठ उभा राहतो आणि शेपटी हलकेच खालीवर करतो. ही लकब, सडपातळ बांधा, लांबट पाय आणि उडताना दिसणारी शेपटीची पांढरी कड पाहता तिरचिमणीच (पिपिट) वाटते.

अडचण आवाजाची आहे. उडताना तो ‘चिप्-चिप्’ असा एकच स्वर पुन्हापुन्हा काढतो, परंतु त्याच माळावर वर चढत जाणाऱ्या पक्ष्याचे लांबलचक, इतर पक्ष्यांच्या नकला मिसळलेले गाणेही ऐकू येते, आणि तेथे बसलेल्या एका पक्ष्याच्या डोक्यावर मला आखूड तुरा स्पष्ट दिसला. गाणारा आणि शेपटी हलवणारा पक्षी एकच आहे, की तिरचिमणी व मलबारी चंडोल (डोक्यावर तुरा असणारा चंडोल) शेजारी राहत आहेत? चोच बारीक आहे की जाड, याखेरीज दुरूनही खात्रीने पाहता येईल अशी कोणती खूण आहे? विशेषतः तुरा मिटलेला असताना या दोघांना वेगळे कसे ओळखावे, हे कृपया सविस्तर सांगावे.