नॉर्दर्न सोलमधलं तबकड्यांचं सोवळं

बोल्टनचा_बाळ्या (धागाकर्ता)

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडच्या एका क्रिकेट क्लबाच्या हॉलमध्ये सोल नाइट होती, म्हणजे जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचायची रात्र. साडेदहाच्या सुमारास पंचविशीतली एक मुलगी डीजेच्या टेबलामागे आली. छोटा खोका, त्यात जेमतेम तीस-पस्तीस सिंगल्स (एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्या). तिसऱ्या गाण्याला फ्लोअर भरला. तेवढ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ टेबलाशी गेले, खिशातून वाचायचा चष्मा काढून नाकावर चढवला आणि मान वाकडी करून फिरत्या तबकडीचं लेबल वाचायला लागले. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणारं लेबल कसलं वाचता येतंय! म्हणून गाणं संपेपर्यंत तिथेच ठाण मांडलं. संपल्यावर म्हणाले, "ही रीइश्यू आहे. इथे चालत नाही." (रीइश्यू म्हणजे जुन्या गाण्याची नंतर पुन्हा छापलेली प्रत; ओरिजिनल म्हणजे त्या काळी पहिल्यांदा छापलेली.) पोरीने उरलेला अर्धा तास मान वर केली नाही.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागोकडच्या कृष्णवर्णीय गायकांची शेकडो जलद लयीतली गाणी अमेरिकेत आपटली. तीच गाणी उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-कारखान्यांतल्या पोरांनी डोक्यावर घेतली. 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिलं डेव्ह गॉडिन यांनी. लंडनमधल्या त्यांच्या तबकड्यांच्या दुकानात उत्तरेकडून फुटबॉल बघायला आलेली पोरं अमेरिकेतला नवा माल न मागता जुनी धावती गाणीच मागायची, म्हणून दुकानातल्या माणसांना सोपं जावं यासाठी काढलेला हा शब्द. 1970 मध्ये तो छापून आला आणि चिकटला. नाचायचे क्लब म्हणजे मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, स्टोकचं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूलचं मेक्का, आणि सगळ्यांत गाजलेलं विगन कसिनो: 1973 ते 1981. रात्री दोनला दार उघडायचं, सकाळी आठला बंद. दारू नाही. पाय सरकावेत म्हणून लाकडी फ्लोअरवर टाल्कम पावडर.

माझं म्हणणं असं, की डीजेने वाजवायची ती "फक्त ओरिजिनल तबकडी" या नियमाला कधीकाळी कारण होतं. आता ते नुसतं सोवळं उरलंय. फ्लोअर भरणाऱ्या बऱ्याच गाण्यांची ओरिजिनल शेकडो पौंडांत जाते, काही हजारांत. म्हणजे डीजे कोण होणार, तर ज्याने 1975 साली स्वस्तात घेऊन ठेवलं तो, नाहीतर ज्याच्याकडे पैसा आहे तो. आणि हीच मंडळी "आता तरुण पोरं येत नाहीत" म्हणून गळे काढतात.

पंचेचाळीस

बाळ्याशेठ, असहमत. लीड्सला आहे, सोळा वर्षं जमवतोय, तेव्हा चष्मेवाल्या बाजूचा समजा.

त्या गृहस्थाने जे केलं तो आगाऊपणा. त्याचं खापर नियमावर फोडू नका. नियम काय करतो ते बघा. कोणाकडेच सगळं नसतं. माझ्या खोक्यात जे आहे ते डर्बीवाल्याकडे नाही, त्याच्याकडचं माझ्याकडे नाही. म्हणून लोक दोन तास गाडी हाकून त्याला ऐकायला जातात. उद्या सगळं चालतं म्हणा, लॅपटॉपवर दहा हजार गाणी आणा. वर्षभरात प्रत्येक हॉलमध्ये तीच दोनशे वाजतील. मी अशा नाइट्सना जाऊन आलोय. लग्नाच्या बँडसारखं असतं, पुढचं गाणं कुठलं ते आधीच कळतं.

दुसरं. ही गाणी आकाशातून पडली नाहीत. इयन लेव्हिनसारख्या डीजेंनी अमेरिकेतून खोकेच्या खोके उचलून आणले, धुळीत बसून एकेक वाजवून बघितलं. शंभरातलं एक कामाचं. रीइश्यू निघते ती कोणीतरी आधी हात काळे केल्यावर. खोदणाऱ्याला काहीच मान नसेल तर खोदेल कोण?

गप्पिष्ट

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

पावडरवाली

मी तबकड्या जमवत नाही, नाचते. गुडघे अजून साथ देतात तोवर. त्यामुळे फ्लोअरवरून दोन शब्द.

पंचेचाळीस यांचं "सगळीकडे तीच दोनशे" पटलं. पण ओरिजिनलवाल्या नाइटलाही बहुतेक तीच दोनशे असतात हो! फक्त प्रत्येकाने त्यासाठी जास्त पैसे मोजलेले असतात.

आणि आवाजाचं काय? अमेरिकन सिंगल्सपैकी पुष्कळ व्हाइनिलच्या नव्हेत, स्टायरीनच्या. ठिसूळ माल. गाण्याची सुरुवात पकडायला डीजे सुई टेकवून तबकडी मागेपुढे करतो, तिथेच ती झिजते. म्हणून कित्येक महागड्या ओरिजिनलची पहिली पाच सेकंदं कढईत मोहरी तडतडावी तशी. त्याच गाण्याची मूळ टेपवरून नीट काढलेली रीइश्यू लावली की ढोल पोटात जाणवतो. पाय कशाला प्रतिसाद देतात ते मला विचारा. (तबकडीवरून तबकडी चोरून छापलेली बूटलेग मात्र नको. ती उशीतून गायल्यासारखी वाजते.)

पंचेचाळीस

स्टायरीनचं खरं आहे. माझ्या दोन तशाच गेल्या. बूटलेगबद्दल एकमत झालं म्हणायचं.

खोका_सदाशिवपेठ

पुण्याहून लिहितोय. विगनला गेलेलो नाही, पण तबकड्यांच्या नादाला घरात तीन पिढ्या लागल्यात.

पंचेचाळीस यांच्या शुद्धतेच्या गोष्टीला थोडा इतिहास लावून बघू. विगन कसिनोत काय वाजायचं? ओरिजिनल वाजायच्याच. पण एमिडिस्कही वाजायच्या, म्हणजे दुर्मिळ तबकडीवरून कापून घेतलेली एकेक प्रत. बेकायदा छापलेल्याही वाजायच्या. आणि पुढे पुढे तर असली फुटकळ पॉप गाणी वाजायची की जुने लोक कपाळावर हात मारायचे. ज्या देवळाचं नाव घेऊन सोवळं पाळताय, त्या देवळातच ते पाळत नव्हते. कडक नियम नंतरचा, कसिनो बंद पडल्यावर जे मागे उरले त्यांनी घट्ट केलेला.

दुसरं, कव्हर-अप. डीजेच्या हाती अनोळखी रत्न लागलं की तो लेबलवर कागद चिकटवायचा आणि गायकाचं खोटं नाव सांगायचा, म्हणजे दुसऱ्याला ती तबकडी शोधता येऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची! आपल्याकडे खाँसाहेब बंदिशीचे शब्द मुद्दाम अस्पष्ट म्हणायचे, कोणी चीज उचलू नये म्हणून, तसंच. पण खाँसाहेब निदान स्वतः गात होते. इथे गाणार फ्रँक विल्सन आणि कागदावर नाव एडी फॉस्टर.

त्या विल्सनचंच घ्या. 1965 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या 'सोल' नावाच्या शाखेसाठी त्याने 'डू आय लव्ह यू' गायलं. मग त्याने गायकीपेक्षा निर्मितीचं काम पसंत केलं आणि छापलेल्या प्रती जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. त्यातली एक 2009 मध्ये 25,742 पौंडांना गेली, 2020 मध्ये एक लाख पौंडांना. या एक लाखातले गायकाच्या घरी किती गेले? शून्य. जुनी तबकडी एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाते, गाणाऱ्याला दमडी मिळत नाही. रीतसर परवाना घेऊन काढलेल्या रीइश्यूत निदान हक्काचे पैसे कुठेतरी पोचायची सोय असते. मग गायकाचा मान कशाने राहतो?

पंचेचाळीस

सदाशिवपेठी टोमणा पोचला.

पैशाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, प्रामाणिकपणे सांगतो. पण कव्हर-अपला तुम्ही एकाच बाजूने झोडताय. कागद लावला म्हणून ते गाणं काही महिने एकाच हॉलमध्ये मिळायचं, म्हणून लोक रात्रीच्या कोचने निघायचे. कागद फाडायची घाई कोणाला होती? बूटलेगवाल्यांना. नाव कळलं की पंधरा दिवसांत खोट्या प्रती बाजारात.

आणि ओरिजिनल म्हणजे काय, यावरही आमच्यातच मारामारी आहे. विल्सनचं तेच गाणं कसिनोत इतकं गाजलं की मोटाउनने 1979 मध्ये इंग्लंडात ते रीतसर बाजारात आणलं. ती प्रत घेऊन टेबलावर गेलो तर ती रीइश्यू की ब्रिटिश पहिली आवृत्ती? मी वाजवली आहे. दोघांनी नाक मुरडलं, एकाने पाठ थोपटली.

गप्पिष्ट

म्हणजे 1979 चं सोवळं आणि 1965 चं सोवळं वेगळं. मधल्या काळात जन्मलेल्यांनी आंघोळ कुठे करायची?

बोल्टनचा_बाळ्या

😄

पंचेचाळीस, तुमचा खोदण्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. ज्याला खोदायचंय तो खोदेलच, त्याच्या हाडातच असतं ते. प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या पोरांचा आहे. दहा-बारा वर्षांत काय बदललं बघा. 2014 मध्ये या विषयावर सिनेमा आला, पोरं ढगळ पँटी घालून गिरक्या शिकायला लागली. 2023 मध्ये तर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स या संगीतमहोत्सवात नॉर्दर्न सोलची संध्याकाळ झाली, अख्ख्या ऑर्केस्ट्रासह. तिथे कोणी लेबल तपासलं? आणि आमच्या हॉलमध्ये याच पोरांना "हँडबॅगवाले" म्हणतात, म्हणजे पर्स खाली ठेवून तिच्याभोवती नाचणारे हौशी. फ्लोअरवरच्या जुन्या मंडळींचं सरासरी वय काढा. पुढच्या पंधरा वर्षांत हे खोके कोणाच्या माळ्यावर जाणार आहेत?

पावडरवाली

अल्बर्ट हॉलचं उदाहरण मागे घ्या. ऑर्केस्ट्राने वाजवलेलं ते मैफलीत ऐकायचं. पावडर उडत नाही तिथे.

बाकी मुलींबद्दल एक. टेबलामागे बाई असली की लेबल वाचायला चष्मे जरा जास्तच निघतात. माझं निरीक्षण आहे, आकडेवारी मागू नका.

खोका_सदाशिवपेठ

इकडचा अनुभव सांगतो. आजोबांकडे बालगंधर्वांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या होत्या, लाखेच्या. एक माझ्या हातून पडली, दोन तुकडे. आजोबा तीन दिवस बोलले नाहीत. आता आमच्याकडची संग्राहक मंडळी श्रवणसत्र करतात तेव्हा तबकडी दाखवतात, लेबलावरचा नंबर वाचतात आणि ऐकवतात मात्र संगणकावर उतरवून घेतलेलं. कोणी भुवई उंचावत नाही. ऐकणाऱ्याला पद मिळालं, तबकडीचं आयुष्य वाढलं.

पंचेचाळीस

खोकासाहेब, तुलना नीट बसत नाही. तुमच्याकडे लोक बालगंधर्वांना ऐकायला येतात. आमच्याकडे डीजेला ऐकायला येतात. गायक कोण हे निम्म्यांना माहीत नसतं. तीन वाजता, लोक दमलेले असताना, हा माणूस खोक्यातून काय काढणार, ही उत्सुकता असते. त्या खोक्याला मर्यादा आहे म्हणूनच त्याच्या निवडीला किंमत आहे. तीस तबकड्या आणल्यास तर तीसच. तुमची ती मुलगी, बाळ्या, तीस-पस्तीस घेऊन आली होती ना? लॅपटॉप नाही आणला. तिला हे कळलंय. त्यातली एक रीइश्यू निघाली तर मी तरी टेबलाशी जाणार नाही. पण नियमच काढून टाका म्हणाल तर नाही.

बोल्टनचा_बाळ्या

म्हणजे नियम ठेवायचा आणि तपासायचं नाही?

पंचेचाळीस

आपल्याकडे चतुर्थीचा उपास असतो तसा. साबुदाण्याची खिचडी कोणी किती खाल्ली ते मोजत नाही.

बरं, ते गाणं कुठलं होतं? ज्याच्यावरून एवढं रामायण झालं ते. फ्लोअर भरला म्हणतोस आणि रीइश्यूही निघालीये, मग मला माहीत असायला हवं.

बोल्टनचा_बाळ्या

तिला निघताना विचारलं होतं. तिने स्लीव्ह दाखवली. घरी येऊन शोधलं तर ओरिजिनलसुद्धा चौदा पौंडांना पडून होती एका दुकानात. मी लगेच मागवली.

पंचेचाळीस

चौदा?! मग तिने ओरिजिनलच का नाही घेतली, आणि तू कशाला घेतलीस, ते नंतर बोलू. नाव सांग.

बोल्टनचा_बाळ्या

इथे नको. उघड लिहिलं तर उद्या चौदाचे चाळीस होतील आणि मला तिच्यासाठी अजून एक घ्यायची आहे. पार्सल आलं की खाजगी निरोप पाठवतो.