अनुभव धागा: बाझेलचा जुना व्यायामसंघ – कागद, कातडं आणि कड्या

स्वित्झर्लंडमधल्या ऱ्हाईनकाठच्या बाझेल शहरातला ब्युर्गर-टुर्नफेराइन, म्हणजे नागरिकांचा व्यायामसंघ, आपलं वय १८१९ पासून मोजतो. ज्यांनी या संघाचे किंवा त्याच्या भाऊबंदांचे कागद चाळलेत, साधनं लावलीत, गुण दिलेत, त्यांनी इथे लिहावं. अट एकच: स्वतःची कहाणी नको. काय, किती, कसं आणि कुठे फसतं एवढंच लिहा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

जुने कागद

सुरुवात १८१९ पासूनच करू, कारण हे साल उगाच आलेलं नाही. बर्लिनच्या हाझेनहाइड मैदानावर फ्रीडरिश लुडविग यानने १८११ मध्ये व्यायाम सुरू केला, तो केवळ कसरत म्हणून नव्हे. त्यात जर्मन एकीचं राजकारण मुरलेलं होतं. मार्च १८१९ मध्ये कार्ल झांड या विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबूचा खून केला. झांड स्वतः या व्यायाम चळवळीतला. सप्टेंबरात विद्यापीठं आणि छापखान्यांवर पहारा बसवणारे कार्ल्सबादचे हुकूम निघाले, प्रशियात मैदानं बंद झाली आणि ती बंदी १८४२ पर्यंत टिकली. बाझेल जर्मन सीमेला लागूनच. झांडच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं म्हणून बर्लिनमधून काढलेले प्राध्यापक दे वेटे १८२२ मध्ये बाझेल विद्यापीठात आले. त्यांचा सावत्र मुलगा कार्ल बेक आणि याच चळवळीतला कार्ल फोलेन हेही इथे होते. हे दोघे १८२४ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथे मॅसॅच्युसेट्समध्ये यानची पद्धत रुजली. तेव्हा बाझेलच्या सुरुवातीच्या वर्षांचे कागद वाचताना 'व्यायाम' या शब्दामागे पोलिसांची नजर आहे, हे धरूनच चालावं.

आता सावधगिरी. स्थापनेचं साल हे संघाच्या वर्धापन अंकात जसं छापलेलं असतं तसं जसंच्या तसं उचलू नका. १९व्या शतकात संघ फुटत, झोपत, पुन्हा उठत, एकमेकांत मिसळत. मिसळल्यावर वय मोजायचं ते सगळ्यात जुन्या धाग्यापासून, ही सर्वत्र रीत. तपासायचं असेल तर तीन गोष्टी जुळवा: नियमावलीची तारीख, पहिल्या इतिवृत्ताची तारीख आणि पैशांच्या वहीतली पहिली नोंद. तिन्ही एका वर्षातल्या निघाल्या तर तुमचं नशीब. सहसा पैशांची वही सगळ्यात खरी, कारण भाषणं ठोकणाऱ्याला हिशेब लिहावा लागत नाही.

संक्षेपांचा वैतागलेला

जर्मन आद्याक्षरांत निम्मे लोक आपटतात. बीटीव्ही म्हणजे ब्युर्गर-टुर्नफेराइन, इथवर ठीक. एसटीव्ही मात्र दोन आहेत: एखाद्या शहराचा श्टाट-टुर्नफेराइन, आणि १९८५ नंतर सगळ्या देशाचा स्विस व्यायाम महासंघ. त्या साली पुरुषांचा महासंघ आणि महिलांचा महासंघ एक झाले. म्हणून १९६०च्या कागदात एसटीव्ही दिसला की तो शहराचा धरा. केटीव्हीचे हाल तर आणखी वाईट. कुठे तो कँटनचा, म्हणजे स्विस प्रांताचा, संघ असतो, कुठे कॅथलिकांचा. राष्ट्रीय संस्था आरौ गावी १८३२ मध्ये स्थापन झाली आणि तिची १९८५ आधीची आद्याक्षरं ईटीव्ही. तिच्या कागदात 'झेक्त्सिओन' आलं तर तो विभाग नव्हे, सदस्य संघ. 'रीगे' म्हणजे संघातली तुकडी: पुरुषांची, बायकांची, मुलांची. 'ओबरटुर्नर' हा अध्यक्ष नव्हे, तो कसरतीचा मुख्य. 'आक्तुआर' इतिवृत्त लिहितो.

आणखी एक. शाळेतल्या व्यायामाचा शिक्षक आडोल्फ स्पीस याचं नाव सूचीत शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका. जर्मनीत शेवटी जोड-एसचं एकच अक्षर लिहितात, स्वित्झर्लंडमध्ये दोन सुटे एस. एकाने शोधलं तर दुसऱ्याकडचे कागद डोळ्यांआड राहतात.

जुने कागद

वरचं बरोबर. त्यात भर: १८३३ मध्ये बाझेल कँटन भांडून दुभंगला, शहर वेगळं आणि ग्रामीण भाग वेगळा. दोघांची अभिलेखागारं वेगळी, एक बाझेलमध्ये, एक लीस्टालला. गावकडच्या संघाचे कागद शहरात शोधत बसू नये.

रांगेतला

स्पीसवर कुणीच लिहिलं नाही म्हणून. तो स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडोर्फला १८३३ पासून शिकवत होता, १८४४ ते १८४८ बाझेलमध्ये होता, मग जर्मनीत डार्मश्टाटला गेला. त्याचा व्यायामावरचा चार भागांचा ग्रंथ १८४० ते १८४६ दरम्यान बाझेलमध्येच छापला गेला. यानचा भर साधनांवर आणि मैदानावर होता. स्पीसने साधन बाजूला ठेवून सगळ्या वर्गाला एकाच वेळी हलवलं, शिवाय मुलींनाही. शाळेला ते परवडलं, कारण चाळीस मुलांना एका बारवर लोंबकळवायचं तर एकोणचाळीस उभी राहतात.

ही सामूहिक कवायत आजही मोठ्या मेळाव्यात दिसते. ती बसवताना पहिलं काम अंतर. दोन्ही हात बाजूला पसरावेत, शेजाऱ्याच्या बोटांना बोट लागता कामा नये. पुढच्या माणसापासून दोन हात. मग एक-दोन, एक-दोन असे आकडे, आणि 'दोन' वाल्यांनी अर्धं पाऊल सरकायचं, म्हणजे झुकताना डोकी आपटत नाहीत. हे न करता थेट संगीत लावलं की तिसऱ्या ओळीत गोंधळ ठरलेला.

दुसरी खोट मैदान मोठं असलं की दिसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ढोलापासून १०० मीटरवरच्या माणसाला ठोका सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. समोरून बघणाऱ्याला मग हातांची लाट मागे जाताना दिसते, आणि प्रशिक्षक मागच्या रांगेवर ओरडतो. मागची रांग बिचारी ठोक्यावरच असते. उपाय दोन: कानाने नव्हे तर डोळ्याने, पुढच्या माणसाच्या खांद्याकडे बघून चालणे. नाहीतर ध्वनिक्षेपक मैदानभर वाटून लावणे आणि प्रत्येकाचा आवाज अंतराच्या हिशेबाने मागे ढकलणे.

कातडं-लाकूड

साधनांचं मी बघतो. पैशांच्या वहीत 'लोहे' असा खर्च आला तर गोंधळू नका, लोखंडाशी त्याचा संबंध नाही. चांभाराकडे कातडं कमावून उरलेली ओकच्या सालीची भुकटी ती. १९व्या शतकात गाद्या येण्याआधी बारखाली हीच पसरत. मऊ, स्वस्त, पण कोरडी झाली की धूळ घशात जाते आणि ओली झाली की बुरशी धरते. बंद दालनात ती नकोशी होते ती या धुळीमुळे.

घोडा (हातांवर तोलून कसरत करायचं साधन): आजचं माप जमिनीपासून ११५ सेंमी उंच, १६० लांब, ३५ रुंद. वरची दोन कडी १२ सेंमी उंच, त्यांच्यातलं अंतर ४० ते ४५ मध्ये बदलता येतं. जर्मनीतलं नाव आणि स्विस नाव एकमेकांचं उलटं आहे. स्विस कागदात 'फेर्डपाउशेन', जर्मनीत 'पाउशेनफेर्ड'. पाउशेन हा मूळचा खोगिराचा शब्द. घोड्याला एकेकाळी मानेचा उंचवटा होता, तो कसरतीत आड यायला लागल्यावर गेला.

डबल बार: ३५० सेंमी लांब दांड्या, अंतर ४२ ते ५२ सेंमी. अंतर लावायचं सोपं माप म्हणजे कोपर एका दांडीला टेकवून बोटांची टोकं दुसरीला जेमतेम लागावीत. रुंद ठेवलं तर खांदे बाहेर फाकतात, अरुंद ठेवलं तर झोक्यात कमर घासते. खटका अर्धवट बसला असेल तर कसरत चालू असतानाच दांडी घसरते, म्हणून लावल्यावर प्रत्येक खांबाला हाताने हिसका देऊन बघायचं. चारही.

सिंगल बार: पोलादी, जाडी २८ मिलिमीटर, उंची जमिनीपासून २८० सेंमी. पकडीसाठी हाताला लावलेली मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घामात मिसळून थर जमतो आणि तो काचेसारखा गुळगुळीत होतो. नवशिका वाटेल तितकी पूड लावतो, म्हणजे थर आणखी वाढवतो. सराव संपल्यावर बारीक सँडपेपरने तो काढायचा. आपल्या मल्लखांबावर एरंडेल चोळतात, हाताला राळ लावतात. पकड हवीच, पण सरकायलाही हवं. बारवर तेलाचा एक थेंब पडला तर माणूस समोरच्या भिंतीवर.

झुलत्या कड्या

स्थिर कड्या सगळ्यांना माहीत. स्विस संघांचं खरं वेड मात्र झुलत्या कड्यांचं, म्हणजे 'शाउकेलरिंगे'. एका चौकटीला कड्यांच्या अनेक जोड्या आणि संघातले सगळे एका तालात झोके घेणारे. झोका खालच्या बिंदूवर आला की जमिनीवर दोन झटपट पावलं मारून वेग घ्यायचा. वळणं आणि गिरक्या करायच्या त्या वर, जिथे झोका क्षणभर थांबतो तिथे. खाली करायला गेलात तर दोर ताणलेला असतो आणि हात सुटतो.

ताल का बिघडतो? लोक वजनाला दोष देतात. तसं नाही. लंबकाचा काळ वजनावर नव्हे, लांबीवर ठरतो. टांगणीपासून शरीराच्या मध्यापर्यंत ५ मीटर धरले तर एक पूर्ण झोका सुमारे ४.५ सेकंदांचा. उंच माणसाच्या शरीराचा मध्य जास्त खाली लोंबतो, म्हणून तो हळूहळू मागे पडतो. फार मोठा झोका घेणाराही थोडा मागे पडतो. म्हणून शेजारी शेजारी सारख्या उंचीची माणसं ठेवतात आणि झोक्याची उंची सगळ्यात कमी झुलणाऱ्यावर बांधतात. मैदानात चौकटीचे ताणदोर एका बाजूला ढिले असतील तर सगळे मिळून चौकटच हलवू लागतात आणि मग कुणाचाच ताल राहत नाही. ताणदोर प्रत्येक फेरीआधी तपासावेत.

गुणतक्ता

शहराच्या मोठ्या तारखा: राष्ट्रीय मेळावा १९१२ आणि १९५९, जिम्नास्त्राडा (स्पर्धेविना होणारा जागतिक व्यायाम मेळावा) १९६९, युरोपीय स्पर्धा एप्रिल २०२१. त्यात जूलिया श्टाइनग्रूबरने घरच्या मैदानावर व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं.

१९५० ची जागतिक स्पर्धाही बाझेललाच. पुरुषांचं सांघिक विजेतेपद स्वित्झर्लंडचं, वैयक्तिक वाल्टर लेमानचं. हे यश छातीवर मिरवताना एक ओळ खाली लिहावी: सोव्हिएत संघ त्या मैदानात नव्हता. तो १९५२ ला हेलसिंकीत आला आणि सांघिक सुवर्ण घेऊन गेला, स्विस दुसरे. तरी लेमानच्या पिढीला हलकं लेखू नये. १९५२ ला सिंगल बारवर सुवर्ण याक ग्युन्टहार्डचं, रौप्यात लुसर्नचा योझेफ श्टाल्डर. सरळ हातांवर उभं राहून, पाय फाकवून, अंगाला घडी घालून बारभोवती मागे फिरत पुन्हा उभं राहायचं, ही कसरत श्टाल्डरच्याच नावाने ओळखली जाते. घडी उशिरा उघडली की उभं राहायच्या आत वेग संपतो, लवकर उघडली की पाय बारला लागतात.

जुने कागद

शोधणाऱ्यांसाठी शेवटचं. १८७४ च्या लष्करी कायद्याने मुलांना शाळेत व्यायाम सक्तीचा झाला आणि दालनं शाळांची झाली. संघ संध्याकाळी किल्ली घेऊन येई. त्यामुळे बार कधी घेतला, घोडा कधी टाकला याची नोंद संघाच्या वहीत नसली तर शाळेच्या सामानाच्या यादीत बघा.