रॉक अल्बमांच्या क्रमवारीवरून झालेली भांडणं: तुमचे किस्से येऊ द्या

२००३मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने ५०० सर्वोत्तम अल्बमांची यादी काढली, तेव्हा बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता. २०२०मध्ये नव्याने मतं घेतली, तर तोच थेट २४वा! धाकट्या भावाला इतका आनंद झाला, जणू मतदान त्यानेच केलं होतं. मी अबोला धरला. तुमच्याकडे कधी अशी जुंपली आहे का?

*

आमच्याकडे वाद बाबांशी. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड' (१९७३) अमेरिकेच्या विक्रीच्या तक्त्यावर सातशेहून जास्त आठवडे होता, आणि यादीत आधी ४३वा, मग ५५वा! बाबांच्या मते मत देणाऱ्यांनी तो रेकॉर्डवर ऐकलेलाच नाही. पहिली बाजू एका बाईच्या शब्दांविना आलापीवर संपते. उठायचं, सुई उचलायची, तबकडी उलटायची, आणि मग दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यातला गल्ल्याचा खणखणाट. फोनवर ते लागोपाठ येतं, मधली शांतताच गायब. मी हुज्जत घालायचे, पण हा मुद्दा काही खोडता आला नाही.

*

आम्ही मित्रांनी स्वतःचीच यादी करायची ठरवली. प्रत्येकाने दहा अल्बम लिहायचे, पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. मी हेवी मेटलवाला, मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'ला दहा दिले. बाकी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बेरीज केली तर पहिला कोण? फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स'! एकाच्याही यादीत तो पहिला नव्हता, पण चौथा-पाचवा सगळ्यांकडे. ज्याच्यासाठी कुणी भांडलं नसतं तोच जिंकला. मग तो कागद कुणी फाडला यावरून वेगळं महाभारत.

*

धागाकर्ते, मुळात ती यादी फक्त रॉकची नाहीच. २०२०ला पहिला आलेला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सोल संगीताचा आहे. भावाला एवढं ऐकवा आणि अबोला सोडा.

*

जोनी मिचेलचा 'ब्लू' २००३मध्ये ३०वा होता, २०२०मध्ये तिसरा. गाणी तीच, १९७१ची. मत देणारे बदलले. नवरा म्हणतो, "हल्ली काळच तसा आहे." मग आधीची यादी काय काळाच्या बाहेर बसून केली होती, असं विचारलं की तो आवाज वाढवून लेड झेपेलिन लावतो.

मेटलवाले, तुमच्या त्या दहांत बायका किती होत्या हो?

*

'रूमर्स'मध्ये दोघी आहेत. धरता येतील का?