मदत हवी आहे: दाट झाडीतल्या पक्ष्यांसाठी दुर्बीण, ८×४२ की १०×४२?

कुर्लेकर

नमस्कार मंडळी,

पक्षीनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण घ्यायची आहे. फिरणं मुख्यतः बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि कर्नाळा, म्हणजे बराचसा वेळ गच्च झाडीत. हिवाळ्यात एखादी फेरी शिवडीला, रोहित बघायला. चष्मा कायमचा, उणे साडेतीन, थोडा सिलिंडरही (तिरकस नंबर) आहे. बजेट १५ हजार, फार ताणलं तर १८.

दुकानदार २०×५० गळ्यात मारतोय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे १०×४२ म्हणतात. जुन्या घाटाच्या, त्या रुंद खांद्यांच्या पोरो दुर्बिणी स्वस्त दिसतात, त्या चालतील का? आणि पावसाळ्यात बुरशीचं काय करायचं?

झाडोरा

८×४२ घ्या. (पहिला आकडा शक्ती, म्हणजे किती पट मोठं दिसतं; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीमध्ये.)

आधी २०×५० निकालात काढू. हातात धरून २० पट शक्ती स्थिर राहत नाही, हाताचा कंपही २० पट होतो. बहुतेक २०×५० चा दृश्यकोन (एका वेळी किती रुंद भाग दिसतो तो कोन) ३ अंशांच्या आसपास असतो. १५ मीटरवरच्या फांदीकडे रोखली तर जेमतेम पाऊण मीटर रुंदीचा तुकडा दिसेल. त्यात नुसती हिरवी पानं, आणि ती कुठल्या फांदीची हेही कळणार नाही.

दाट झाडीत पक्षी लहान दिसतो ही अडचणच नसते. तो १०-२० मीटरवरच असतो. अडचण असते तो सापडण्याची, आणि सापडल्यावर मधली पानं टाळून त्याच्यावर फोकस बसवण्याची. म्हणून शक्तीआधी दृश्यकोन बघा. १ अंश म्हणजे १००० मीटरवर साधारण १७.५ मीटर रुंदी. निकॉन मोनार्क एम५ चं उदाहरण घेऊ: ८×४२ चा कोन ६.४ अंश, १०×४२ चा ५.६. १५ मीटरवर हे अनुक्रमे १.७ आणि १.५ मीटर होतात. फरक वीतभरच. पण ८ अंशांची ८×४२ मिळाली तर तिथेच २.१ मीटर दिसतं, म्हणजे १०× वाल्याच्या दुप्पट क्षेत्रफळ. नुसतं ‘८×’ बघून घेऊ नका, खोक्यावरचा अंशांचा आकडा वाचा. ७ च्या खाली जाऊ नये असं माझं मत. एम५ चं नाव मोठं आहे, पण या एका बाबतीत ती कंजूष आहे.

दुसरं, फोकसची खोली, म्हणजे चाक न फिरवता किती पुढे-मागेपर्यंतचं स्पष्ट दिसतं ते. ती शक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ८× च्या तुलनेत १०× मध्ये सुमारे ६४ टक्केच उरते. टकाचोर पानांआड एका फांदीवरून दुसरीवर सरकला की १०× मध्ये प्रत्येक वेळी चाक फिरवावं लागतं, ८× मध्ये तो बऱ्याचदा फोकसमध्येच राहतो. नवरंग झुडपाखाली पाचोळा उलटत फिरतो तेव्हा हे जास्तच जाणवतं: समोरची काडी लख्ख, पक्षी धूसर.

तिसरं, उजेड. भिंगाचा व्यास भागिले शक्ती केलं की आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२, २०×५० मध्ये फक्त २.५. पावसाळी ढगात झाडांखाली डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा अडीच मिमीचा झोत म्हणजे अंधारच. शिवाय झोत जाड असेल तर डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. मान वर करून हरियल शोधताना हे फार कामाला येतं.

वजनाचा त्रास होणार असेल तर ८×३२ बघा. झोत ४ मिमी, पण गळ्यात हलकी.

खाजण

झाडोरांशी झाडीपुरता सहमत. शिवडीसाठी १०× बरी हे कोणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणतो. उघड्या चिखलावर तुतवार आणि चिखल्यांमधले फरक ओळखायचे तर जास्त शक्ती उपयोगी पडते. पण ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरू लागते आणि १०× मध्ये ती थरथरच मोठी दिसते. त्यापेक्षा भरतीचं वेळापत्रक बघून जा. पाणी चढत असताना पक्षी काठाकडे सरकतात, तेव्हा ८× पुरते. वर्षातल्या एका फेरीसाठी उरलेलं वर्ष १०× गळ्यात बाळगण्यात अर्थ नाही.

पोरोबद्दल: त्याच पैशात काच सहसा चांगली मिळते, कारण सरळ नळीच्या दुर्बिणीतल्या रूफ प्रिझमला (आतल्या लोलकाला) चित्र धारदार राहावं म्हणून लागणारा फेज कोटिंगचा खास लेप तिथे लागतच नाही. निकॉन अ‍ॅक्युलॉन ८×४२ चा कोन ८ अंश आहे, चित्राला खोली जाणवते, छान. पण ती जलरोधक नाही आणि ५ मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही. वाटेकडेच्या झुडपातला शिंपी किंवा फुलपाखरू गेलंच. चष्मा असेल तर आणखी एक नड: डोळा-अंतर (आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते) साधारण १२ मिमी, त्यामुळे कडा कापल्या जातात. पावसाळा आणि चष्मा, तुमच्या दोन्ही अटींवर ती नापास होते.

भिंगरी

चष्मेवाल्यांसाठी: डोळा-अंतर किमान १६ मिमी, १८ असेल तर उत्तम. आयकप (डोळ्याशी टेकणाऱ्या रबरी कडा) पूर्ण खाली फिरवायचे. उणे नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो, सिलिंडर नाही. म्हणून तुम्ही चष्मा लावूनच बघायचं.

फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाणार असाल तर काउंटरवर बघून परत येऊ नका, दारात या आणि हे तपासा:

१. दुर्बीण हातभर लांब, आभाळाकडे धरा. आयपीसमध्ये दिसणारे उजेडाचे ठिपके पूर्ण गोल हवेत. कडा चौकोनी, करड्या कापलेल्या असतील तर प्रिझम हलक्या काचेचं आहे.
२. समोरच्या इमारतीवरची आडवी केबल बघा. दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. केबलच्या दोन होऊन एक वर-एक खाली दिसली तर नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोकं दुखवते. तोच नग नाकारा, त्याच मॉडेलचा दुसरा बरोबर असू शकतो.
३. उजळ आभाळापुढचा कावळा शोधा. काठाला जांभळी-हिरवी रेघ थोडी चालेल, ठळक नको.
४. चाक एका बोटाने फिरायला हवं, मध्ये अडखळायला नको. २ ते ३ मीटरवरची पाटी स्पष्ट वाचता आली पाहिजे.

घेतल्यावर डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारी कडी) एकदाच लावा: उजवी नळी झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग डावी झाकून चाकाला हात न लावता उजव्या आयपीसची कडी फिरवा. खूण लक्षात ठेवा, ती पिशवीत फिरते.

तांबड्या चकचकीत भिंगांच्या आणि झूमच्या दुर्बिणी फुकटही घेऊ नका.

कुर्लेकर

सगळ्यांचे आभार. ८×४२ नक्की केलं. बुरशीचं राहिलं. आणि एम५ बजेटबाहेर जातेय, तर सेकंडहँड घ्यावी का?

भिंगरी

नायट्रोजन भरलेली जलरोधक घेतलीत तर आतली बुरशी सील शाबूत असेपर्यंत होत नाही. बाहेरच्या काचेवर मात्र होते. बुरशी आम्ल सोडते, ते कोटिंग खातं, आणि तो डाग पुसून जात नाही.

कापडी किंवा रेक्झिनच्या पाऊचमध्ये कपाटात ठेवणं सर्वात वाईट. घट्ट झाकणाचा १० लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं (किंवा नारिंगी हिरवं) की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास. भिजून आलात तर आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, ओली दुर्बीण डब्यात कोंडू नका.

एसी लोकल किंवा एसी गाडीतून उतरल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की धुकं धरतं. पंधरा मिनिटं थांबा. पुसताना आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर. सदऱ्याचं टोक नको, शिवडीहून आल्यावर तर मुळीच नको, मीठ आणि रेती दोन्ही असतात.

झाडोरा

सेकंडहँड चालेल, पण मुंबईतल्या दुर्बिणीला टॉर्च लावल्याशिवाय पैसे देऊ नका. मोठ्या भिंगाकडून तिरका उजेड टाका आणि आयपीसमधून नव्हे, भिंगातूनच आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. दुधाळ पातळ थर म्हणजे धुकं किंवा तेलाची वाफ. प्रिझमवर काही दिसलं तर कितीही स्वस्त असो, सोडा. उघडून साफ करायची म्हणजे नळ्या पुन्हा समांतर जुळवणं आलं, आणि ते नीट करणारे कारागीर फार थोडे. शिवाय एकदा उघडली की आतला नायट्रोजन गेला.

नवीनच घ्यायची तर निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ बघा: ७.२ अंश, जलरोधक, ३ मीटरपर्यंत फोकस. एम५ पेक्षा कोन मोठा आणि किंमत बरीच कमी. काच एम५ एवढी धारदार नाही, कडेला चित्र मऊ पडतं, पण झाडीत पक्षी मध्यभागी आणायचा असतो. भाव दोन ठिकाणी विचारा. ऑनलाइन मागवलीत तर भिंगरींची केबलवाली चाचणी परतीची मुदत संपायच्या आत करा.

आणि वाटेला लागण्याआधी १५ मीटरवरच्या एखाद्या खोडावर फोकस लावून ठेवा. हालचाल दिसली की नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा, खाली बघून नाही.