८ मेचं अमेंडमेंट वन: फॉर की अगेन्स्ट?

टारहील_ताई
नॉर्थ कॅरोलिनातल्या सिटिझन मंडळींसाठी लिहितेय, बाकीच्यांनी ओळखीच्यांना पाठवा. ८ मे २०१२ ला प्रायमरीबरोबरच (पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक) राज्याच्या घटनादुरुस्तीवर, म्हणजेच अमेंडमेंट वनवर, मतदान आहे. बॅलटवर एवढंच येणार की एक पुरुष आणि एक स्त्री यांचं लग्न हेच या राज्यात वैध आणि मान्य असं एकमेव 'डोमेस्टिक लीगल युनियन', आणि खाली फॉर नि अगेन्स्ट. आमच्या ऑफिसात दोघीजणी फॉर करून येणार होत्या, त्यांना वाटलं फॉर म्हणजे गे लग्नाच्या बाजूने. उलटं आहे हो! फॉर म्हणजे बंदी घटनेत घाला.

आता मुद्दा. गे लग्न इथे आत्ताही होत नाही, १९९६ पासून कायदाच आहे तसा. अगेन्स्ट जिंकलं तरी ९ मे ला कुणाला लायसन्स मिळणार नाहीये. मग हा खटाटोप कशाला? तर कायदा साध्या बहुमताने बदलतो, घटनेला दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात आणि वर परत जनमत. म्हणजे पुढे लोकांचं मत फिरलं तरी त्यांचे हात आज बांधून ठेवायचे. आणि गंमत बघा, ज्यांनी हे राज्याच्या हाउसमधून पुढे रेटलं ते तिथले स्पीकर टिलिस स्वतःच मार्चमध्ये एनसी स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोरांसमोर म्हणाले की पास झालं तरी वीस वर्षांत रद्द होईल. अहो मग करताय कशाला?

अण्णा_शार्लट
ताई तुम्ही आयोवाचं सोयीस्कर विसरलात. तिथेही कायदा होताच की, २००९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सातच्या सात जजनी मिळून तो उडवला, लोकांनी चिडून पुढच्या वर्षी त्यातल्या तीन जजना घरी बसवलं पण निकाल तसाच राहिला. म्हणून घटनेत घालायचं, राज्याच्या कोर्टाला हात लावता येऊ नये एवढ्यासाठीच. साउथईस्टमध्ये घटनेत हे न घातलेलं आपलंच राज्य राहिलंय. लोकांनी ठरवायचं की काळ्या डगल्यातल्या सात जणांनी? मला कुणाचा द्वेष नाही, ज्याने त्याने आपल्या घरात काय करायचं ते करावं, पण लग्न ही संस्था हजारो वर्षांची आहे, तिची व्याख्या बदलायची घाई का.

मिलिंद_डरहॅम
अण्णा, लग्नापुरतं असतं तर मी तुमच्याशी नुसता वाद घातला असता. पण 'डोमेस्टिक लीगल युनियन' हे शब्द नीट वाचा, त्यात लग्न न करता राहणारी बाई-पुरुषाची जोडपीही आली. आमच्या शेजारी दोघं राहतात, पन्नाशीचे, एक जण सिटी गव्हर्नमेंटात नोकरीला आणि दुसऱ्याचा हेल्थ इन्शुरन्स त्याच्यावर, डोमेस्टिक पार्टनर म्हणून. डरहॅम, चॅपल हिल, कारबरो असे बेनिफिट देतात. हे पास झालं की ते बेनिफिट टिकतील का हे एकही वकील छातीठोकपणे सांगत नाहीये. तो दुसरा डायबेटिक आहे, परवा अंगणात भेटला तर मला इन्सुलिनच्या किमती सांगत होता, मला काय बोलावं कळेना.

गोंधळी
पण त्यात दुसरं वाक्य पण आहे ना की खाजगी लोकांमधले करार यामुळे अडत नाहीत म्हणून? उगाच घाबरवताय लोकांना.

मिलिंद_डरहॅम
आहे. पण ते बॅलटवर छापलेलं नाही, आणि सिटी म्हणजे सरकार, खाजगी पार्टी नव्हे. आरटीपीतल्या (रिसर्च ट्रँगल पार्क) खाजगी कंपन्यांचे बेनिफिट त्या वाक्याने वाचतील, सिटीचे कारकून आणि फायरवाले मात्र लटकतील.

टारहील_ताई
आणि ओहायोचं घ्या. २००४ मध्ये त्यांनीही अशीच मोघम भाषा घटनेत घातली. मग बायकांना मारणाऱ्या पुरुषांचे वकील कोर्टात म्हणू लागले की आमच्या अशिलाचं लग्नच झालेलं नाही, घरगुती हिंसाचाराचा कायदा लावून तुम्ही लग्नासारखं नातं मान्य करताय. काही कोर्टांनी ते चक्क मान्य केलं!! वरच्या कोर्टाने निस्तरेपर्यंत २००७ उजाडलं. आपल्याकडेही तो कायदा एकत्र राहणाऱ्या बिनलग्नाच्या बाई-पुरुषांना लागू आहे. गे लोकांचं सोडा, हे तरी पटतंय का?

अण्णा_शार्लट
निस्तरलं ना शेवटी? मग आपल्याकडची कोर्टं ओहायोचा निकाल बघूनच निर्णय देतील. बागुलबुवा आहे हा.

देशी_बाबू
आपण भले आपलं काम भलं. गोऱ्यांच्या चर्चवाल्यांचं भांडण आहे, मधे कशाला पडायचं? आधी आपल्या देशात ३७७ चं, म्हणजे गे संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचं, काय ते ठरू दे, दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल सुप्रीम कोर्टात लटकलाय अजून.

निशाद_कॅरी
बाबू, मत देण्याचा अधिकार मिळवायला बारा-पंधरा वर्षं रांगेत काढली आणि आता म्हणायचं मधे कशाला पडायचं?

आणि आपला संबंध नाही असंही नाहीये. १८७५ मध्ये याच राज्याच्या घटनेत गोरे आणि काळे यांच्या लग्नावर बंदी घातली होती, तिसऱ्या पिढीपर्यंत, आणि शब्द काय तर 'फॉरएव्हर'. १९६७ ला सुप्रीम कोर्टाने लव्हिंग केसमध्ये असल्या बंद्या मोडल्या तरी इथल्या घटनेत ते वाक्य १९७१ पर्यंत होतं. कॅरीत आज किती घरांत देशी सून किंवा गोरा जावई आहे मोजा. तेव्हाही लोक हेच म्हणत असणार, संस्था जुनी आहे, व्याख्या बदलू नका.

अण्णा_शार्लट
हा बादरायण संबंध झाला. कातडीचा रंग आणि स्त्री-पुरुष हा फरक एक नाही. आणि कितीतरी ब्लॅक चर्चेसच फॉरच्या बाजूने आहेत, त्यांना सांगा हे लव्हिंगचं.

निशाद_कॅरी
सांगणारे आहेत की. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे रेव्हरंड बार्बर गावोगाव हेच सांगत फिरतायत, की तुमचा धर्म लग्नाबद्दल काय म्हणतो तो तुमचा प्रश्न, पण घटनेत भेदभाव लिहायचा का यावर मत मागितलंय. तुमच्या भटजींना किंवा त्यांच्या पाद्र्याला कुणी कुणाचं लग्न लावायची सक्ती करत नाहीये. एवढा साधा फरक आहे.

गोंधळी
माझ्या टीममधल्या पुण्याच्या मुलाला त्याच्या पार्टनरला एच-४ वर (नवरा-बायकोसाठीचा व्हिसा) आणता येत नाही, कुठलंही राज्य असलं तरी. तो फेडरल कायदा, डोमा, लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं असं मानणारा. म्हणजे इथे काहीही झालं तरी त्याला फरक शून्य. मग एवढं रान कशाला उठवायचं असं आपलं मला वाटतं. पण ओहायोचं वाचून जरा विचारात पडलोय.

टारहील_ताई
त्याला शून्य, मिलिंदच्या शेजाऱ्याला इन्शुरन्सएवढा.
बरं, अर्ली व्होटिंग ५ मे, शनिवार दुपारपर्यंत. नाव नोंदवलेलं नसेल तर अर्ली व्होटिंगला तिथल्या तिथे नोंदवता येतं, पत्त्याचा पुरावा न्या. ज्यांना रॉम्नी-बिम्नीत, म्हणजे पक्षांच्या उमेदवारांत, पडायचं नाही आणि जे अनअफिलिएटेड (कुठल्याच पक्षात नोंद नसलेले) आहेत त्यांनी काउंटरवर बिनपक्षाचं बॅलट मागा, अमेंडमेंट त्यावर असतंच.

अण्णा_शार्लट
माझं फॉर पक्कं आहे, वाद घालून उपयोग नाही. बायकोने तुमचा धागा वाचला आणि ती अगेन्स्ट म्हणतेय. तिला म्हटलं दोघंही घरी बसू, हिशोब तोच येतो. ऐकत नाही, शनिवारी सकाळी जाणार म्हणते. म्हणजे मलाही जाणं आलं.