निकलाउस विर्थ यांनी पास्कलनंतर पुन्हा नव्या भाषा का रचल्या?

सह्याद्रीवासी:
स्विस संगणकशास्त्रज्ञ विर्थ यांची पास्कल ही प्रोग्रामिंग भाषा १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरातल्या विद्यापीठांत शिकवली गेली. तरीही विर्थ यांनी तिच्यातच भर न घालता मॉड्युला-२ आणि ओबेरॉन या स्वतंत्र भाषा का घडवल्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना कंपायलर:
याचे मूळ अल्गोल या पास्कलच्या आधीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या समितीत आहे. स्टॅनफर्डला असताना विर्थ यांनी संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांच्यासह अल्गोल ६० या आवृत्तीत माफक सुधारणा सुचवल्या होत्या, परंतु समितीने डच संगणकशास्त्रज्ञ व्हान वाइनगार्डन यांचा कितीतरी गुंतागुंतीचा आराखडा स्वीकारला आणि त्यातून अल्गोल ६८ जन्मली. विर्थ यांचा प्रस्ताव अल्गोल डब्ल्यू म्हणून उरला. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात परतल्यावर त्यांनी पास्कल समितीविना रचली. तिचा प्रसारही विलक्षण झाला: झुरिकहून एका काल्पनिक यंत्रासाठीचा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) पाठवला जाई, आणि त्या यंत्राचा इंटरप्रिटर (त्याच्या सूचना एकेक करून पार पाडणारा प्रोग्राम) आपल्या संगणकावर लिहिला की पास्कल तिथे चालू लागे.

मात्र मूळ पास्कलमध्ये ॲरेची (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या क्रमवार यादीची) लांबी त्याच्या प्रकाराचाच भाग होती, त्यामुळे कोणत्याही लांबीचा ॲरे स्वीकारणारी एकच प्रोसिजर (नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा भाग) लिहिता येत नसे. स्वतंत्रपणे कंपाइल होणारी मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचे सुटे घटकही नव्हते. या उणिवा भाषेच्या पायातच होत्या. १९७६-७७ मध्ये झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात आल्टो संगणक आणि मेसा ही प्रोग्रामिंग भाषा पाहून आल्यावर त्यांनी लिलिथ हा संगणक उभारला आणि त्याची संपूर्ण प्रणाली मॉड्युला-२ मध्येच लिहिली.

रात्रपाळी:
ओबेरॉनमध्ये तर त्यांनी भाषा कमी केली. टाइप एक्स्टेन्शन (आधीच्या प्रकारात भर घालून नवा प्रकार बनवण्याची सोय) आणताना एन्युमरेशन (नावे दिलेल्या मूल्यांची यादी), सबरेंज (ठरावीक मर्यादेतली मूल्ये) आणि व्हेरियंट रेकॉर्ड (वेगवेगळी रूपे घेऊ शकणारी नोंद) काढून टाकले. माझ्या मते एन्युमरेशन काढणे फार कठोर होते, कारण वाचनीयतेसाठी त्याचा मोठा उपयोग होतो.

जुना कंपायलर:
ती हानी मलाही जाणवते. पण एकट्या माणसाला संपूर्ण समजेल एवढीच प्रणाली असावी, हा त्यांचा आग्रह होता. १९८४ चा ट्युरिंग पुरस्कार, हा संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाल्यावरही त्यांनी तो आग्रह सोडला नाही. २०१३ मध्ये, सुमारे ऐंशीव्या वर्षी, त्यांनी स्वतः प्रोसेसर रचून ओबेरॉन प्रणाली (त्याच नावाच्या भाषेत लिहिलेली संगणकप्रणाली) त्यावर नव्याने उभी केली.